ख्रिस्तराजाच्या सणाला शंभर वर्षं: राजा मानायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

छावणीची_लेक
२४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

काल ख्रिस्तराजाचा सण झाला. उपासना वर्षाचा शेवटचा रविवार. पुढच्या रविवारी आगमनकाळ लागेल, वेदीवर जांभळा रंग येईल आणि मग सगळे नाताळच्या फराळात बुडून जातील. म्हणून आजच धागा काढते, नाहीतर राहून जाईल.

यंदाचं निमित्त मोठं आहे. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी 'क्वास प्रिमास' हे परिपत्र काढून हा सण सुरू केला. शंभर वर्षं भरत आली. काल मिस्सा (आमची रविवारची उपासना) झाली, परमप्रसादाची (ख्रिस्ताचं शरीर मानतो त्या भाकरीची) मिरवणूक झाली, 'ख्रिस्तराजाचा विजय असो' म्हणून म्हणून घसा बसला. सगळं छान. पण चालताना माझं लक्ष बघ्यांकडे होतं. बाजूनं स्कूटरवर जाणाऱ्याला ही घोषणा कशी ऐकू येत असेल? आपल्या मध्य प्रदेशात धर्मांतरावरचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. अशा हवेत 'आमचा राजा' म्हणून ओरडलं की ऐकणारा विचारणारच, कुणाचा राजा आणि कशावर राज्य?

आपल्यालाही याचं उत्तर कुठे धड येतं? 'मनाचा राजा' म्हणून मोकळं होता येतं. त्यात कुणाला त्रास नाही, आपल्यालाही नाही. नाहीतर 'एक दिवस सगळे त्याच्यापुढे गुडघे टेकतील' म्हणायचं, आणि ते म्हणताना काहींच्या आवाजात जो सूर लागतो तो मला मुळीच आवडत नाही.

कालचं शुभवर्तमान लूकचं होतं, २३वा अध्याय. सण राजाचा आणि वाचन मृत्युदंडाचं! पुढारी टोमणे मारतायत, शिपाई आंब (आंबट दारू) पुढे करतायत, वर पाटी लावलीय 'हा यहुद्यांचा राजा'. त्याच्या राज्यावर खरोखर विश्वास ठेवून बोलणारा तिथे एकच आहे, शेजारच्या क्रुसावरचा गुन्हेगार. तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव, म्हणतो. अख्ख्या दरबारात हा एक माणूस, तोही शिक्षा झालेला.

तर प्रश्न व्यवहाराचा आहे. सोमवारी ऑफिसात, बँकेत, पोरीचं लग्न जमवताना, कामवाल्या मावशींचा पगार ठरवताना हा राजा काय सांगतो? कॅथोलिकांनी लिहाच, इतरांनीही लिहा. फक्त 'प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो' एवढाच प्रतिसाद नको, हात जोडते.

उसळपोहे
२४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

भिया, आपलं ते हे, ताई... राजे गेले १९४८ला, तनखे गेले १९७१ला, राजवाड्यासमोर आता फक्त सेल्फी. आणि तुम्ही लोक अजून राजा धरून बसलाय?

(हलकं घ्या. वाचतोय. येऊ द्या.)

रामबागकर_काकू
२४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मी कॅथोलिक नाही. पण माझा जन्म इंदूरचा, आणि इंदूरकराला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. अहिल्याबाईंच्या हुकमांवर 'श्री शंकर आज्ञेवरून' असं लिहिलेलं असे. राज्य शंकराचं, आपण कारभारी. त्रावणकोरात मार्तंड वर्मांनी १७५० मध्ये राज्य पद्मनाभाला वाहिलं आणि स्वतःला पद्मनाभदास म्हणवून घेतलं. मेवाडचे महाराणे स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणत. तेव्हा देवाला राजा म्हणण्यात मला तरी काही खटकत नाही.

मला कळत नाही ते पुढचं. तिथे कारभारी डोळ्यांसमोर होता. बाई महेश्वरला बसून न्याय करायच्या, गाऱ्हाणं घेऊन जाता यायचं, निवाडा पटला नाही तर कुणाला बोल लावायचा ते ठाऊक होतं. तुमच्या राजाचा कारभारी कोण? पोप? आणि त्याची आज्ञा अमुक आहे हे सांगायचा अधिकार कुणाचा? 'शंकर आज्ञेवरून' लिहिणारी अहिल्याबाई होती म्हणून ते शोभलं. तोच शिक्का दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर?

वसईचा_धाकला
२५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

काकू, प्रश्न मर्मावर आहे. त्याला हात घालण्याआधी १९२५ सालाची हवा सांगतो, नाहीतर पोपना अचानक राजा का आठवला हे कळणार नाही. (मी मूळ वसईचा, नोकरीनिमित्त पिथमपुरात, राहायला इंदूर. इथे मराठीत मिस्सा ऐकायला मिळत नाही, त्याची भरपाई असे धागे वाचून करतो.)

पहिलं महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती. ऑस्ट्रिया, जर्मनी, रशिया, तुर्कस्तान, चार घराण्यांचे मुकुट धुळीला मिळाले होते. त्या रिकाम्या जागेवर नवे दावेदार आले. इटलीत १९२२ पासून मुसोलिनी, रशियात बोल्शेविक. मेक्सिकोत १९१७च्या घटनेनं चर्चच्या शाळा, मालमत्ता, धर्मगुरूंचे नागरी हक्क सगळ्यावर टाच आणली होती. आणि खुद्द पोप? १८७० मध्ये रोम इटलीच्या ताब्यात गेल्यापासून ते स्वतःला व्हॅटिकनमधले कैदी समजत. पोप आणि इटली यांच्यातला लॅटरन करार १९२९चा, म्हणजे अजून चार वर्षं दूर. ज्याच्या हातात राज्य उरलेलं नाही असा माणूस या सणाची घोषणा करतोय, हे लक्षात ठेवून परिपत्र वाचावं.

त्यात पायस म्हणतात की ख्रिस्ताला कायदा करण्याचा, न्याय करण्याचा आणि अंमल करण्याचा, असे तिन्ही अधिकार आहेत. राज्य मुख्यतः आत्मिक आहे. पण नागरी व्यवहारावर त्याचा काहीच हक्क नाही असं म्हणणं ही घोर चूक, असंही ते स्पष्ट लिहितात. लगेच जोड देतात की पृथ्वीवर असताना त्यानं तो हक्क गाजवला नाही. प्रकटीकरणाच्या सणाच्या एका जुन्या स्तोत्राचा दाखलाही आहे: जो स्वर्गाचं राज्य देतो तो नश्वर राज्यं हिसकावून घेत नाही. बेथलेहेमच्या बाळाला, म्हणजे येशूला, घाबरलेल्या हेरोद राजाला उद्देशून आहे ते.

मला सर्वांत आवडतो तो सण कशासाठी याचा खुलासा. चर्चची पत्रकं थोड्या शिकलेल्या लोकांपर्यंत पोचतात आणि एकदाच बोलतात. सण सगळ्यांशी बोलतो आणि दरवर्षी बोलतो. गणेशोत्सव बघत वाढलेल्या मराठी माणसाला हे निराळं समजवायला नको.

वर्षही विचार करून निवडलेलं होतं. आपल्या श्रद्धासूत्राचा पाया घालणाऱ्या ३२५च्या निकेया परिषदेला तेव्हा सोळाशे वर्षं झाली होती. श्रद्धासूत्रातलं 'त्याच्या राज्याचा अंत होणार नाही' आपण दर रविवारी घडाघडा म्हणतो ना, ते आठवा.

आणि कालची तारीख. २३ नोव्हेंबर १९२७ला मेक्सिकोत फादर मिगेल प्रो या येशूसंघीय धर्मगुरूला खटला न चालवता गोळ्या घातल्या. त्यानं हात क्रुसासारखे पसरले आणि 'ख्रिस्तराजा चिरायू होवो' म्हणाला. राष्ट्राध्यक्ष कायेस यांनी दहशत बसावी म्हणून फोटो काढवले. तेच फोटो लोकांनी घराघरांत जपले. यंदा सण नेमका त्याच तारखेला आला होता.

उसळपोहे
२५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

वाचनखूण साठवली आहे. पिथमपूरच्या बसमध्ये बसून एवढं टाइप केलंत? दंडवत.

जुना_छापखाना
२५ नोव्हेंबर, दुपारी १.२०

धाकले, अर्धीच बाजू सांगितलीत. उरलेली मी सांगतो. मी नास्तिक, मला कुणाची भीड नाही.

बेल्जियममध्ये १९३०च्या दशकात रेक्स नावाचा पक्ष निघाला. नाव कुठून आलं? ख्रिस्तराजाच्या लॅटिन नावाच्या एका कॅथोलिक प्रकाशनगृहातून. त्याचा पुढारी लेओं देग्रेल पुढे हिटलरच्या वाफेन एसएसमध्ये दाखल झाला. स्पेनमध्ये १९७०च्या दशकात 'ख्रिस्तराजाचे गनिमी सैनिक' म्हणवणारी अतिउजव्यांची टोळी होती, विद्यार्थ्यांना आणि डाव्यांना मारझोड करणारी. घोषणा तीच. मिगेल प्रो ती मरताना म्हणाला, हे मारताना म्हणत.

आणि सणाच्या दिवशी म्हणायची ती समर्पणाची प्रार्थना? तिच्यात मूर्तिपूजेच्या आणि इस्लामच्या अंधारात बसलेल्यांवरही राज्य कर, अशी मागणी होती. म्हणजे रामबागकर काकू अंधारात! कालच्या मिरवणुकीत ते वाक्य होतं का?

वसईचा_धाकला
२५ नोव्हेंबर, दुपारी १.५५

नव्हतं. ती वाक्यं पोप तेविसावे जॉन यांच्या काळातच काढली. रेक्सबद्दल तुमचं बरोबर आहे, पण पायसांच्या माथी ते मारू नका. याच पोपनी १९३७ मध्ये नाझींविरुद्ध चक्क जर्मन भाषेत परिपत्र लिहून ते गुपचूप जर्मनीत पोचवलं आणि झावळ्यांच्या रविवारी तिथल्या चर्चेसमधून वाचायला लावलं. वंशाला किंवा राष्ट्राला देव करू नका, हा त्याचा सारांश.

रामबागकर_काकू
२५ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

मला अंधारात बसवल्याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्याकडे लाइट गेलेच होते. पण माझ्या प्रश्नाचं काय झालं?

छावणीची_लेक
२५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काकू, मला सुचतं ते सांगते. हे माझं मत आहे, फादरांचं नाही.

या सणाची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. एका वर्षी योहान १८, रोमन सुभेदार पिलातापुढची उलटतपासणी. यंदा लूक, क्रुसावरचा चोर. आणि पुढच्या वर्षी मत्तय २५, शेवटचा न्याय. मत्तयात राजा सिंहासनावर बसलाय, डावी-उजवी करतोय, अगदी राजासारखा. पण तो काय विचारतो? मी भुकेला होतो, परका होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तू कुठे होतास? आणि दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात, कारण त्यांना तो राजा म्हणून कधी दिसलाच नव्हता. चांगलं वागलेल्यांनाही नाही.

म्हणजे आज्ञा वरून खाली येत नाही. ज्याला हुकूम द्यायची सोय नाही, जो काउंटरच्या पलीकडे नुसता उभा आहे, त्याच्याकडून ती येते. तुम्ही म्हणता तसा शिक्का कुणाच्याही हाती पडू शकतो, पडलेलाही आहे, छापखानेवाल्यांनी दाखले दिलेत. मात्र या प्रसंगात शिक्का पोपच्याही हाती नाही आणि देग्रेलच्याही नाही. त्याच योहानात, सहाव्या अध्यायात, पाच हजार लोक पोटभर जेवल्यावर त्याला धरून राजा करायला निघतात, तर हा डोंगरावर निघून जातो. ज्यांनी त्याला आपल्या कामासाठी राजा करायचं ठरवलं, त्यांच्या हाती तो लागला नाही.

उदयनगर_रस्ता
२५ नोव्हेंबर, रात्री ११.००

इंदूरचा धागा, विषय राजा, आणि अजून राणी मारियांचं नाव नाही? मग मीच लिहिते.

नव्या वाचकांसाठी: सिस्टर राणी मारिया, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या, जन्म १९५४, केरळातलं पुल्लुवळी. देवास जिल्ह्यात उदयनगर भागात काम. आदिवासी आणि शेतमजूर सावकारांच्या विळख्यात होते. व्याज फिटेना, जमीन सुटेना. त्यांनी बचतीचे गट बांधले, लोकांना बँकेच्या कर्जापर्यंत, सरकारी योजनांपर्यंत नेलं, हक्क काय आहेत ते सांगितलं. सावकारी आणि जमीनदारी ज्यांच्या हातात होती त्यांना हे परवडणारं नव्हतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या उदयनगरहून इंदूरला यायच्या बसमध्ये बसल्या. भाडोत्री मारेकरी बसमध्येच होता. नाचनबोर टेकडीजवळ भोसकून मारलं, पन्नासहून जास्त जखमा. बसमध्ये माणसं होती. वय ४१.

४ नोव्हेंबर २०१७ला इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्या दिवशीची गर्दी अनेकांना आठवत असेल.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. राणी मारियांची धाकटी बहीण, तीही त्याच संघातली सिस्टर, तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेची खटपट केली. २००६ मध्ये तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी जाऊन त्यांना भेटला.

माफी देणं हा पूर्वी राजाचा अधिकार. आज तो घटनेच्या कलम ७२ आणि १६१ खाली राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे आहे. कायद्यातली माफी त्यांनीच द्यायची, ते ठीक. पण तिच्याही आधीची जी माफी असते ती इथे केरळातल्या एका साध्या कुटुंबानं दिली. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या टाळूवर ख्रिझ्मा, म्हणजे अभिषेकाचं तेल लावतात, आठवतं? ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा, आणि तू त्याचा अवयव, असं तेव्हा म्हणतात. आपलं सगळं लक्ष बाळ रडतंय का आणि फोटो येतोय का इकडे असतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, ते प्रापंचिकांसाठी मुद्दाम मांडलं: ख्रिस्ताचं राजेपण आपल्यातही आहे, आधी स्वतःवर राज्य करायचं आणि मग सेवा करून राज्य करायचं. स्वतःच्या सुडावर राज्य करणं म्हणजे काय हे ज्याला बघायचंय त्यानं उदयनगरला जावं, तिथल्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

जुना_छापखाना
२६ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

राणी मारियांबद्दल मला आदरच आहे, त्यांच्या कामाबद्दल तर जास्तच. पण हे सगळं भला माणूस असण्यानं होतं. सावकाराविरुद्ध उभे राहिलेले कम्युनिस्टही आपल्या देशात मारले गेले, त्यांना राजा लागला नाही. तुम्हाला का लागतो?

उदयनगर_रस्ता
२६ नोव्हेंबर, दुपारी २.३०

लागतो, कारण मी तेवढी भली नाही.

मी तीस वर्षं नर्स आहे. एका खाजगी रुग्णालयात असताना तोंडी हुकूम होता, बिलाचा शेवटचा पैसा भरेपर्यंत मृतदेह नातेवाइकांना द्यायचा नाही. रात्रपाळीला एक म्हातारा बाप बाकावर बसलेला, गाव कुठलं तरी झाबुआकडचं. मी मॅनेजरला म्हटलं, हे लेखी द्या, मी फाइलला लावते. लेखी कोण देतंय! तासाभरात मृतदेह गेला. शूरपणा काही नाही त्यात. माझी नोकरी दुसरीकडे ठरत आली होती, हेही सांगून टाकते. पण म्हणताना पाय लटपटत होते, आणि त्या क्षणी 'मी चांगली बाई आहे' या विचाराचा काडीचा उपयोग झाला नाही. मॅनेजरच्या वर कुणीतरी आहे, त्याला मी उत्तर देणं लागते, याचा झाला.

कम्युनिस्टांचं म्हणाल तर त्यांचं ते जाणोत. मत्तय २५ मध्ये उजवीकडे बसवताना पक्षाचं कार्ड विचारल्याचं मला कुठे दिसलं नाही.

वसईचा_धाकला
२६ नोव्हेंबर, रात्री ८.००

ताई, लिहिलंत ते मनाला भिडलं. तरी एक तक्रार नोंदवतो, भले मला जुनाट म्हणा.

हे सगळं वैयक्तिक झालं. पायसांना सण सार्वजनिक हवा होता. समाजाच्या आणि राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगायचं की तुम्ही शेवटचे मालक नाही. म्हणून तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, सर्व संतांच्या सणाआधी ठेवला होता. चर्चच्या उपासनेत १९६९ला सुधारणा झाली तेव्हा तो उपासना वर्षाच्या टोकाला नेला, नाव झालं 'विश्वाचा राजा'. संध्याकाळच्या प्रार्थनेतल्या स्तोत्रात राष्ट्रप्रमुखांनी, न्यायाधीशांनी, शिक्षकांनी त्याचा जाहीर मान राखावा अशी कडवी होती, तीही गाळली. विश्वाचा राजा म्हटलं की फार बरं वाटतं, कारण विश्व लांब आहे. नगरपालिका जवळ आहे.

छावणीची_लेक
२६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

नगरपालिका जवळ आहे हे अगदी खरं. पण गाळलेली कडवी परत आणून ते साधेल असं मला वाटत नाही. मधल्या काळात ७ डिसेंबर १९६५ला त्याच व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा दिला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नको. आणि ख्रिस्तानं बळानं राज्य करणारा राजकीय तारणहार व्हायचं नाकारलं, हे त्यातच लिहिलंय. आपण इथे घटनेचं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ दाखवून आमच्या श्रद्धेला हात लावू नका म्हणायचं, आणि जिथे आपली माणसं जास्त तिथे सिंहासन मागायचं, हे दुटप्पी आहे. पोलंडमध्ये श्विएबोजिनला २०१० मध्ये ख्रिस्तराजाचा प्रचंड पुतळा उभारला, मुकुटच तीन मीटरचा. बघायला भव्य असेल. मला तो मुकुट बघून काट्यांचा आठवत नाही, एवढंच.

सार्वजनिक हवं ना? मग घरापासून सुरू करू. आपल्या बहुतेकांच्या हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, खाली लाल बल्ब. धर्मगुरूला बोलावून तिची प्रतिष्ठापना करतात. फादर मातेओ क्रॉली यांनी १९०७ पासून जगभर ही प्रथा नेली. तिचा अर्थच 'या घराचा राजा हा' असा आहे. आता त्याच तसबिरीखाली सोफ्यावर बसून लग्नाच्या गोष्टी कशा होतात ते सांगू?

मी नगरकडची. (आता अहिल्यानगर. अहिल्याबाईंचं माहेरगाव चौंडी त्याच जिल्ह्यातलं, काकू.) माझ्या भाचीचं स्थळ बघताना मुलाकडचं कुटुंब आलं, रोज रोझरी म्हणणारं. चहा झाला, मुलगी आवडली. मग बाईंनी विचारलं, 'तुम्ही नगरकडचे, म्हणजे धर्मांतराआधीचे कोण?' चार पिढ्यांपूर्वीचं! आम्ही सांगितलं. नंतर फोन आला नाही. तसबिरीचा बल्ब चालू होता, मी पाहिलं.

तर ही आज्ञा. मला विचाराल तर कॅथोलिकांसाठी आज ख्रिस्ताला राजा मानण्याची खरी परीक्षा सरकारदरबारी नाहीच. ज्या ठिकाणी जात अजून गादीवर आहे तिथे ती आहे.

गोंयकार_विजयनगर
२६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

ताई, हे जरा एकतर्फी होतंय. जात चर्चनं आणली नाही, ती समाजात होतीच. आमच्याकडे लग्नात घराणं बघतात ते भाषा, जेवण, चालीरीती जुळाव्यात म्हणून. प्रत्येक वेळी त्यात उच्चनीच असतंच असं नाही. धर्मसभेनं जातीबाहेरच्या लग्नांना कधीच बंदी केलेली नाही.

छावणीची_लेक
२६ नोव्हेंबर, रात्री ११.०५

दादा, जेवण जुळत नव्हतं म्हणता? त्यांनी आमच्याकडे दोनदा सोरपोतेल (गोव्याकडचं डुकराचं मटण) मागून घेतलं.

वसईचा_धाकला
२७ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

गोंयकार, आपण दोघंही जरा गप्प बसू या. तुमच्याकडे कोन्फ्रारीया, म्हणजे चर्चची सण सांभाळणारी मंडळं, जातींप्रमाणे वेगळ्या होत्या, सणाचा मान कुणाचा यावरून भांडणं झाली. आमच्याकडे सामवेदी, वाडवळ, कोळी, कुणी कुणाकडे मुलगी द्यायची याचे अलिखित नियम माझ्या आजीला तोंडपाठ होते, श्रद्धासूत्रापेक्षा पक्के. आता पोरं स्वतःच ठरवतात म्हणून सैल झालंय. आपण सैल केलं असं म्हणायला जागा नाही.

मी सार्वजनिक म्हणत होतो ते हेही असू शकतं, मान्य. पण नगरपालिका मी सोडणार नाही. पाणी कुठल्या वस्तीला आधी मिळतं हाही त्या राजाचा विषय आहे.

रामबागकर_काकू
२७ नोव्हेंबर, सकाळी १०.००

जातीचं वाचून 'आमच्याकडेही' एवढंच म्हणते, त्यात नवल ते काय.

छावणीची लेक, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. कारभारी कोण याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यालाच राजा केलंत. हे मला अहिल्याबाईंपेक्षा कठीण वाटतं. दरबाराची वेळ संपली की बाईंना उठता तरी येत असेल.

गोंयकार_विजयनगर
२७ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

सोरपोतेलवर हसलो, राग नाही. पण एक विचारतो, खरंच विचारतो. माझ्या मुलाची माहिती विवाह मंडळात द्यायचीय. फॉर्ममध्ये 'समाज' असा रकाना आहे. रिकामा सोडला तर फोनच येत नाहीत, हे अनुभवानं सांगतो. भरला तर तुम्ही म्हणता ते. काय करू?

उदयनगर_रस्ता
२७ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मुलाला विचारलंत का?

गोंयकार_विजयनगर
२७ नोव्हेंबर, दुपारी १.२०

नाही अजून.

जुना_छापखाना
२७ नोव्हेंबर, दुपारी ४.००

मी इथे भांडायला आलो होतो आणि तुम्ही आपसातच भांडताय. राजा लागतोच हे मला पटलेलं नाही. मात्र ज्या राजाच्या नावानं स्वतःच्या भाऊबंदांना फैलावर घेता येतं तो निदान सरकारी तरी नाही, एवढं कबूल.

अवांतर: मत्तयाचं ते वाचन पुढच्या वर्षी नेमकं कधी?

छावणीची_लेक
२७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

२२ नोव्हेंबर २०२६, रविवार. मिस्सेला कुणीही येऊन बसू शकतं, फक्त परमप्रसाद घ्यायला पुढे यायचं नाही. काकूंनाही घेऊन या. पंख्याखालची बाकं आधी भरतात, तेव्हा जरा लवकर या. आणि छापखाने, प्रवचन चालू असताना मागून शंका विचारायची नाही. फादर बाहेर अंगणात उभे राहतात, तिथे हवं तेवढं भांडा.

गोंयकार दादा, मुलाशी बोललात की इथेच लिहा. माझी भाची अजून बिनलग्नाची आहे, आणि सोरपोतेल मीच करते.